खोलीचं तापमान

जेवणाच्या खोलीत आल्या आल्या मधलीने आधी बाटलीला हात लावला आणि मग कपाळाला. बाटली कोमट आहे असं म्हणणं म्हणजे दादाची बाजू घेणं झालं असतं. ती चक्क गरम होती, तापातल्या माणसाच्या मानेसारखी. अशा बारा बाटल्या कडेच्या लांब टेबलावर कालपासून शिस्तीत उभ्या होत्या. त्यांच्यामागे दादाच्या नव्या काचा होत्या आणि काचांमागे सकाळी अकराचं ऊन.

"या वर कुणी आणल्या?" तिने विचारलं, जसं काही हा उद्योग करणारी माणसं घरात दोन-चार होती.

"लाल आहेत," दादा म्हणाला. तो स्टुलावर बसून एकेक कॉर्क काढत होता आणि परत सैलसर बसवत होता. "लाल बाटलीने जेवणाआधीची रात्र माणसांबरोबर काढायची. तळघराच्या दारावर लिहिलंय. दिवसातून दहा वेळा जातेस त्या दारातून."

लिहिलेलं होतं खरं. आजोबांनीच लिहिलं होतं, पांढऱ्या रंगात, मोठमोठ्या अक्षरांत, आणि शेवटची ओळ दारात मावेना म्हणून चौकटीवर. पण आजोबांनी ते लिहिलं तेव्हा या खोलीच्या भिंती हातभर जाड होत्या, खिडकी एकच होती आणि भर उन्हाळ्यातही इथे जेवायला बसलं की बायका खांद्यावर काहीतरी ओढून घ्यायच्या. त्या खोलीत बाटली रात्रभर ठेवली की तळघराचा गारठा उतरून ती सतरा-अठरा अंशांवर यायची, आणि लाल वाइनला तेवढंच हवं असतं. पाच वर्षांपूर्वी दादाने तिन्ही बाजूंच्या भिंती पाडून काच बसवली आणि वर पत्रा घातला. जेवताना आपला द्राक्षांचा मळा दिसला पाहिजे, असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मळा दिसायला लागला, आणि ऊनही पानावर येऊन बसायला लागलं. आजोबांचा नियम मात्र जिथल्या तिथे राहिला.

मधलीने ॲप्रनच्या खिशातून थर्मामीटर काढला. लोकांच्या खिशात रुमाल असतो तसा तिच्या खिशात थर्मामीटर असायचा. एका बाटलीत बुडवून तिने तो दादाच्या नाकासमोर धरला. चौतीस.

"खोलीचं तापमान," दादा समाधानाने म्हणाला.

मधली तळघर सांभाळायला लागून बारा वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची पाच याच वादात गेली असावीत असं तिला वाटे. तिने पुन्हा एकदा पहिल्यापासून सुरुवात केली. गरम वाइन ग्लासात ओतली की आधी अल्कोहोल नाकात जातं, मग नाकाला दुसरं काही कळतच नाही; फळाचा वास जातो आणि तळाला लागलेल्या जॅमचा वास उरतो. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि तिला दोन बाटल्या दाखवल्या. त्यांचे कॉर्क आपोआप बोटभर वर आले होते. बघ, जोर बघ, असं त्याचं म्हणणं पडलं. ती उन्हाने आतून फुगलीय, तिचा जोर वगैरे काही नाही, असं मधली म्हणाली. दादाने पुढचा कॉर्क काढला.

एरवी तिने सोडून दिलं असतं. या घरात सोडून देण्याची तिला चांगली सवय होती. पण आजचं जेवण साधं नव्हतं. दरवर्षी उन्हाळा ऐन भरात असताना, तोडणी सुरू व्हायच्या आधी, एका दुपारी सगळ्यांनी एकत्र बसायचं, वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, मागच्या साली भरलेल्या बाटल्या चाखायच्या आणि मळ्याच्या कुठल्या तुकड्यात काय ठेवायचं, काय काढायचं ते सांगायचं, हा आजोबांच्या वेळेपासूनचा रिवाज. त्या टेबलावर आप्पा जे बोलतील ते पुन्हा कुणी उकरून काढायचं नाही. आणि आज पाळी खालच्या तुकड्याची होती.

खालचा तुकडा मधलीचा. म्हणजे कागदावर नव्हे, पण ती नवऱ्याचं घर सोडून परत आली त्या वर्षी तिने तिथे पातळ सालीची द्राक्षं लावली होती, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. बारा वर्षं ती त्या वेलींशी बोलत होती. तिथली गुलाबी वाइन अखेर तिच्या मनासारखी उतरली ती मागच्या साली. वसंतात तिने ती आप्पांना दिली. आप्पांनी घोट घेतला, खिडकीबाहेर पाहिलं आणि एकच शब्द बोलले, "पाणी." दादाने तो शब्द वरच्या वर झेलला. तोडणी झाली की वेली उपटू, काळी जाड सालीची लावू, हॉटेलवाल्यांना भारी लाल वाइनच लागते. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

वेली जातील याचं दुःख तर होतंच. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती मधलीने कुणालाच सांगितली नव्हती. तिला वाइन चाखायला आप्पांनी शिकवलं होतं, ती नऊ वर्षांची असताना, चमचा-चमचा देऊन. तिला जे सोनं वाटत होतं ते त्यांना पाणी वाटलं, त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या जिभेवरचा भरवसाच उडाला होता. गेले तीन महिने ती तळघरात एकच बाटली परत परत उघडून चाखत होती आणि दर वेळी वेगळ्याच निष्कर्षाला येत होती.

त्यातल्या त्यात तिला धाकटीचा आधार वाटत होता. धाकटी दातांची डॉक्टर, शहरात राहणारी. "ताई, मी आहे ना, मी बोलते आप्पांशी," असं तिने गुरुवारी फोनवर सांगितलं होतं. धाकटी साडेअकराला गाडीतून उतरली, एक ग्लास लिंबाचं सरबत प्यायली, दादाबरोबर वरच्या मजल्यावर एक चक्कर मारून आली आणि पावणेबाराला म्हणायला लागली की दादाच्या म्हणण्यातही तथ्य आहे. वरच्या मजल्यावर एवढं कसलं तथ्य सापडलं ते स्वयंपाकघरात वहिनीकडून कळलं. दादाने मागच्या अंगाच्या दोन खोल्या धाकटीच्या मुलांना दर सुट्टीत देऊ केल्या होत्या. वहिनीच्या पोटात काही राहत नसे.

"आणि तुम्ही, वहिनी?" मधलीने विचारलं.

वहिनी चारचौघांत असली की दादाच्या बाजूने असायची, बावीस वर्षांचा शिरस्ता होता. पण आता ती शेगडीसमोर उभी होती आणि घामाने निथळत होती. "मला पक्ष विचारू नका, मला बर्फात बसवा," ती म्हणाली. तिने सगळं जेवण थंड केलं होतं. लिंबात मुरवलेला मासा, गार कोंबडी, काकडी. या माशावर ते तापलेलं लाल रसायन कोण पिणार, हे तिने नवऱ्याला तीनदा विचारून पाहिलं होतं. तिसऱ्यांदा त्याने दाराकडे बोट दाखवलं होतं, तळघराच्या.

मग मधलीने जे केलं ते वैतागून केलं, आणि वैतागून केलेल्या कामाचं होतं तेच त्याचं झालं. दादा कपडे बदलायला गेल्याचं पाहून तिने लांब टेबलाच्या टोकाच्या चार बाटल्या उचलल्या आणि कोठीत नेल्या. कोठीत पत्र्याच्या टबात तिच्या गुलाबीच्या सहा बाटल्या बर्फात उभ्या होत्या. नुसत्या बर्फाने भागत नाही. बर्फात पाणी ओतलं की गारवा बाटलीला सगळीकडून धरतो. त्याच पाण्यात तिने चारही लाल बाटल्या मानेपर्यंत बुडवल्या. वीस मिनिटं पुरेत, असा तिचा अंदाज होता. आप्पांना निदान लाल तरी माणसांत आलेली मिळेल, आणि दादाला कळणारही नाही.

वीस मिनिटांनी बाटल्या काढून पुसताना तिच्या लक्षात आलं की फडकं पांढरं झालंय. घरच्या बाटल्यांना लेबल लावायची पद्धत इथे कधीच नव्हती. लेबल विकायच्या बाटलीला. घरच्या बाटलीच्या खांद्यावर खडूने खूण करायची, वरच्या उताराची एक रेघ, जुन्या वेलींची दोन. तळघरात खडू वर्षानुवर्षं टिकतो. पाण्यात वीस मिनिटं टिकत नाही, हे बारा वर्षांत तिला तपासून बघायची वेळ आली नव्हती. तिला स्वतःचाच राग आला. पण चारही लाल आहेत ना, मग रेघ एक काय आणि दोन काय, असं म्हणून तिने एकीत थर्मामीटर घातला. सतरा. या एका आकड्याने तिला इतकं बरं वाटलं की बाकीच्या तिघींकडे तिने पाहिलंच नाही.

तेवढ्यात वहिनीने दारातून डोकावून विचारलं की टेबलाच्या टोकाला ठेवलेली तिची बाटली कुणी उचलली. दादाला विचारा, मधली म्हणाली. त्या दिवशी कुठलीही गोष्ट जागेवर नसली की तिच्या तोंडून हेच उत्तर निघत होतं.

एक वाजता सगळे बसले. काचेतून ऊन थेट टेबलक्लॉथवर येत होतं आणि डोळे उघडे ठेवणं मुश्कील झालं होतं. टेबलाच्या मुख्य जागी आप्पा, शहात्तर वर्षांचे, शर्टाची वरची बटणंसुद्धा लावलेले. त्यांच्या उजव्या हाताला आई. आईला अलीकडे जेवताना सतत बोलायची सवय लागली होती, आणि पोरांना त्याचा कंटाळा यायचा. "हा मासा आहे हं, लिंबात मुरलाय छान. ही काकडी, खारट झालीय जराशी." आप्पा मान हलवायचे. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं, असं धाकटी म्हणायची.

ओतायचं काम मधलीचं. चार बाटल्या तिने आपल्यासमोर आणून ठेवल्या होत्या. पहिला ग्लास आप्पांचा, आणि आप्पा बोलेपर्यंत दुसऱ्या कुणाच्या ग्लासात थेंब पडायचा नाही. तिने ग्लास एक तृतीयांश भरला.

"एवढीशीच?" दादा म्हणाला.

"उन्हात थोडी ओतायची आणि परत परत ओतायची. भरून ठेवली तर ग्लासातच तापते."

दादाने धाकटीकडे पाहून भुवया उडवल्या आणि धाकटीने त्याला हसून साथ दिली. दोन खोल्यांचं हसू होतं ते. मधलीने बाटली सरळ केली, आणि बाटलीच्या तोंडाचा वास तिच्या नाकात गेला.

व्हिनेगर. घरचं, लाल वाइनचंच आंबवलेलं, तीन वर्षं जुनं. वहिनीची हरवलेली बाटली. तिच्या खांद्यावर खडूने फुली असते, व्हिनेगरला फुली, ही खूण घरातलं लहान मूलही सांगेल. ती फुली कोठीतल्या फडक्याला लागली होती.

ती "आप्पा" म्हणायला तोंड उघडते तोवर आप्पांनी ग्लास ओठाला लावला होता. त्यांनी मोठा घोट घेतला, नेहमीसारखा तोंडात फिरवला, डोळे बारीक केले. आता ते थुंकतील, खोकतील, ग्लास आपटतील, असं मधलीला वाटलं.

आप्पांनी घोट गिळला.

"जिभेला चावते," ते म्हणाले. "जोर आहे. पण अजून कोवळी आहे. दोन वर्षं मुरू द्या."

"मीही हेच म्हणणार होतो," दादा म्हणाला आणि त्याने आपला ग्लास पुढे केला.

मधली बाटली हातात धरून उभी राहिली. एका क्षणात तिला इतकं काही कळलं की नेमकं काय कळलं ते सांगायला तिला नंतर कितीतरी दिवस लागले. ज्या जिभेने तिची वाइन पाणी ठरवली होती, त्या जिभेला व्हिनेगर कळत नव्हतं. आता फक्त दादाच्या ग्लासात ओतायचं होतं. दादा घोट घेईल, किंचाळेल, आप्पांच्या ग्लासाकडे बघेल, आणि वसंतातला तो एक शब्द पाण्यातल्या खडूसारखा पुसला जाईल. तुकडा वाचेल. तिला काही बोलावंही लागणार नव्हतं. दादाचा ग्लास समोर होता, आणि तो नेहमीसारखा घाईत होता.

तिने आप्पांकडे पाहिलं. ते दादाकडे बघत नव्हते. त्यांची नजर आईवर होती, आणि परीक्षेचा पेपर देऊन बाहेर आलेल्या मुलासारखी ती विचारत होती, बरोबर लिहिलं ना? आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिच्या नाकाला वास लागला होता.

मधलीने बाटली टेबलावर ठेवली आणि कोपर असं मारलं की ती आणि शेजारची लाल, दोन्ही आडव्या झाल्या. टेबलक्लॉथवर लाल तळं झालं. धाकटी खुर्ची मागे ढकलून उठली. वास भपकन वर आला, आणि दादाने नाकाला हात लावून विचारलं की व्हिनेगर कुणी आणून ठेवलं मध्येच.

वहिनीने आडव्या बाटलीकडे पाहिलं. मग आप्पांच्या ग्लासाकडे, मग मधलीकडे. बावीस वर्षांत तिने या घरात पुष्कळ काही पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. "मी," ती म्हणाली, "काकडीवर घालायला," आणि ती टेबलक्लॉथचं टोक गोळा करायला लागली.

शिंतोडे उडाले, ग्लास बदलते, असं म्हणत मधलीने आप्पांच्या हातातला ग्लास काढून घेतला. मागून दादाचं सुरूच होतं. हिला दोन बाटल्या सांभाळता येत नाहीत आणि हिला आख्खा तुकडा सांभाळायचाय. धाकटीने "ताई, अगं जरा सावकाश," म्हटलं, अशा सुरात की मधलीला तिचे सगळे दात एकेक करून काढावेसे वाटले. तिला सगळ्यात जास्त चटका लागला तो सतरा अंशांवर आणलेल्या त्या सांडलेल्या लालचा. पण तो बोलून दाखवायची ही वेळ नव्हती.

ती ग्लास घेऊन कोठीत गेली. पाठोपाठ आई आली. मीठ न्यायला आले, असं तिने वाटेत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं होतं, आणि खरंच तिने फळीवरची मिठाची बरणी काढून हातात घेतली.

"कधीपासून?" मधलीने विचारलं.

"मागल्या हिवाळ्याच्या आदल्या हिवाळ्यात ताप नव्हता का आला? उठले तेव्हापासून. वास गेला, मग चव गेली. डॉक्टर म्हणाले, येईल. आली नाही."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"त्यांनी शपथ घातली मला. वाइन करणाऱ्या माणसाची जीभ गेली, हे लोकांना कळलं तर मग मी कोण, म्हणाले." आईने बरणीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "पानात काय आहे ते मी सांगत जाते. तुम्हाला वाटतं, आई बडबड करते."

मधलीला रडू यायला हवं होतं. तिला आला राग. तीन महिने ती स्वतःची जीभ घासून पाहत होती, रात्र रात्र जागी होती, आणि ही दोघं पानात बघून चवी पाठ करत बसली होती.

"माझ्या वाइनला पाणी म्हणाले ते, आई. त्या एका शब्दावर दादा माझ्या वेली उपटायला निघालाय."

"अगं, त्यांना सगळंच पाणी लागतं," आई म्हणाली. "दूधसुद्धा."

"मग लालला कसे चांगली म्हणतात?"

"ती चावते ना. जीभ ओढते, घशात जळते. तोंडात काहीतरी आहे एवढं तरी कळतं. म्हणून आवडते." आईचा आवाज एकदम बारीक झाला. "तुझी फार गुणी आहे गं. गुपचूप उतरते. त्यांना सापडतच नाही."

बाहेरून दादाचा आवाज आला. उरलेल्या दोन लालपैकी एक त्याने स्वतःच ओतायला घेतली होती, आणि आप्पांना तो मोठ्याने विचारत होता की मग खालच्या तुकड्याचं काय ठरलं. जेवण होऊ दे, आप्पा म्हणाले. दादा म्हणाला की जेवण झालंच की.

मधलीने टबाकडे पाहिलं. गुलाबी बाटल्या दहा अंशांवर होत्या, जशा हव्यात तशा, बारा वर्षांच्या हिशेबाने. वसंतातही तिने आप्पांना याच गारव्यावर दिली होती. पण तेव्हा बाहेर पाऊस होता आणि ते स्वेटर घालून बसले होते. दहा अंशांचं त्या दिवशी कुणाला काय वाटणार.

तिने आईच्या हातातून मिठाची बरणी घेतली आणि ती अर्धी टबात ओतली.

"अगं, हे काय?"

"मिठाने बर्फाचं पाणी शून्याच्या खाली जातं." हाताने ते ढवळताना तिची बोटं बधिर झाली. "या गारव्यात वाइनचा वास मरतो, आई. पांढरी एवढी थंड केली म्हणून मागच्या वर्षी मी दादाशी आठ दिवस बोलले नव्हते."

आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. तिने काही न विचारता फळीवरचे ग्लास काढून बर्फात पालथे घातले. दोघी टबापाशी वाकून उभ्या राहिल्या. दादाने दोनदा हाक मारली, दोन्ही वेळा आईने "आले" म्हटलं आणि ती हलली नाही. बाटलीवर धुक्यासारखा थर आला तेव्हा मधलीने ती उचलली. थर्मामीटर खिशातच राहिला. आकडा बघायचं तिच्या जिवावर आलं होतं.

जेवणाच्या खोलीत सगळे उन्हाने मलूल झाले होते. दादाने कॉलर सैल केली होती, धाकटी रिकाम्या बशीने वारा घेत होती. आप्पा मात्र ताठ बसले होते, आणि त्यांच्या कपाळावरून घामाची धार कानाशी येत होती. समोरच्या लालला त्यांनी एक घोट घेऊन बाजूला सारलं होतं. मधलीने त्यांच्यापुढे पांढरा पडलेला ग्लास ठेवला आणि काठोकाठ भरला.

"आता का भरून?" दादा म्हणाला. "मघाशी तर मोठं व्याख्यान दिलंस."

आप्पांनी ग्लासाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. मग पुन्हा लावला, पूर्ण पंजाने. ग्लास उचलून त्यांनी एक घोट घेतला. तोंडात फिरवलाच नाही, सरळ गिळला. त्यांचा गळा हलला, आणि ते तसेच थांबले, काहीतरी खाली खाली जाताना ऐकत असल्यासारखे.

आई त्यांच्या कानाशी वाकली. "गुलाबी आहे हं, खालच्या तुकड्या..."

"सांगू नकोस," आप्पा म्हणाले. "कळतंय मला."

त्यांनी अर्धा ग्लास संपवला. मग तो गालाला लावून धरला, आधी एका, मग दुसऱ्या, सगळ्यांसमोर, वरची बटणं लावलेल्या त्या माणसाने. धाकटीने बशी खाली ठेवली.

"थंड आहे," ते म्हणाले. "इथपर्यंत थंड आहे." त्यांनी छातीवर हात ठेवून जागा दाखवली. "तुकडा राहू दे."

दादाला आधी वाटलं की आपल्या ऐकण्यात चूक झाली. मग त्याने घाईघाईने बाटली ओढली, स्वतःच्या ग्लासात ओतून घोट घेतला, आणि त्याचा चेहरा त्रासिक झाला. "आप्पा, अहो, हिला चव कुठे आहे? वास नाही, काही नाही. नुसता बर्फ आहे हा."

पाच वर्षांत पहिल्यांदाच दादा वाइनबद्दल काहीतरी बरोबर बोलला होता, आणि तेही अगदी शब्दाशब्दाला. मधलीला ते पटत होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. वहिनी काकडीच्या बशीत बघत होती.

"तुला जीभच नाही," आप्पा दादाला म्हणाले. "पहिल्यापासून नाही. हिला आहे." आणि ग्लास पुढे करून ते मधलीला म्हणाले, "उन्हाळा संपेपर्यंत दुपारची मला हीच देत जा. अशीच. कमी थंड करून आणलीस तर परत पाठवीन."

म्हणजे बारा वर्षं जपून जो वास तिने बाटलीत उतरवला, तो आता रोज दुपारी तिने स्वतःच्या हाताने मारायचा, आणि वर त्याची शाबासकीही घ्यायची. या घराने तिला काहीही दिलं तरी ते असं वाकड्या बाजूनेच हातात यायचं. हसावं की डोकं आपटावं हे तिला कळेना.

"रोज?" तिने विचारलं.

"रोज."

"आणते," मधली म्हणाली, आणि दुसरी बाटली आणायला कोठीकडे वळताना तिने वहिनीला विचारलं की घरात मीठ अजून किती आहे.